वेदगंगेकाठचा जुना वाडा विकायला आहे, गोठा-वखारीच्या खोल्या करून झाल्यात... घ्यावा का?

टिळकवाडीकर:

नमस्कार. जरा लांबलचक झालंय, घाईत असाल तर खालचे प्रश्न तेवढे वाचा.

आमचं घर बेळगावात टिळकवाडीला, मी नोकरीसाठी पुण्यात. बाबा रिटायर झाले आणि तेव्हापासून एकच धोशा, नदीकाठी जागा घेऊया, चार झाडं लावूया, पाव्हणे येतील जातील. मी म्हटलं बघूया की, पण कुठल्यातरी लेआउटमधला प्लॉट नको, घ्यायचंच तर जुनं काहीतरी घेऊ. तर एका एजंटनं निपाणीच्या बाजूला एक जागा दाखवलीय. गावाचं नि घराण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी ओळखलं तरी इथं लिहू नका प्लीज.

वेदगंगेच्या अगदी काठाला जुन्या इनामदारांचा वाडा आणि त्याच्या भोवतीचं सगळं, जाहिरातीत साडेतीन एकर. वाडा दोन चौकी, दिंडी दरवाजा शाबूत, बाहेरची भिंत खाली घडीव दगडाची नि वर भेंड्यांची (कच्च्या मातीच्या विटांची), सोप्याचे खांब सागवानी, खाली तळखडे कोरीव. मागचा चौक पडलाय, कौलं उतरवून रचून ठेवलीत, एका कोपऱ्यात पिंपळ उगवलाय. सध्याच्या मालकांनी मुख्य वाड्याला हातच लावलेला नाही, कुलूप. खर्च केलाय तो सगळा बाहेरच्या बांधकामांवर. गोठ्याच्या चार खोल्या केल्यात, अटॅच बाथरूम, एसी, सगळं चकाचक. दरवाजाजवळच्या पागेत ते स्वतः सुट्टीला येऊन राहतात. तंबाखूच्या वखारीचा मोठा हॉल केलाय, तिथं प्री-वेडिंगवाले येतात म्हणे. गुऱ्हाळघरात जेवणाची सोय, चुलवाण (गुळाची मोठी चूल) तसंच ठेवून वर काच टाकलीय, त्याच्यावर टेबल (आईला हे फार आवडलं, मला जरा कसंतरीच वाटलं). आणि नदीच्या अगदी तोंडावर जुनी इंजिनखोली होती तिचं ‘रिव्हर कॉटेज’, त्यातलं जुनं किर्लोस्कर इंजिन रंगवून बाहेर चौथऱ्यावर ठेवलंय. किर्लोस्करांचं सायकलचं दुकान १८८८ साली बेळगावातच निघालं ना, म्हणून बाबा त्या इंजिनाजवळून हलेचनात.

मागणी सव्वादोन कोटी. एजंट म्हणतो त्यातले दीड कोटी तर खोल्यांचेच धरा, तयार बिझनेस आहे, वाडा म्हणजे वर फुकट मिळाल्यासारखा.

प्रश्न असे की १) पुराचं काय, एजंट म्हणतो ‘वाड्याला पाणी कधीच लागलं नाही’ २) इनामाची जागा म्हणजे कागद काय काय बघायचे ३) मातीच्या भिंतींचं बांधकाम किती टिकतं, दुरुस्ती झेपेल का ४) खोल्या चालवून निदान राखणदाराचा पगार तरी निघेल का. बाबा टोकन द्यायला निघालेत, मी धरून ठेवलंय.

वेदगंगा_काठ:

दादा जागा कुठली ते कळालं, नाव लिहीत न्हाई. पाण्याचं तेवढं मी सांगतो, आमचं रान त्याच काठाला हाय.

एजंट खोटं बोलत न्हाई बघा. वाड्याला पाणी लागलेलं न्हाई हे खरंच हाय. पण तुम्ही पैसे वाड्याचे कुठं देताय, तुम्ही देताय गोठ्याचे नि इंजिनखोलीचे.

जुन्या माणसांनी वाडा बांधला तो टेकावर. दरवाजा, पागा नि वखार त्याच उंचीला, कारण तंबाखूला ओल लागली की माल गेला, वखार खाली कोण बांधंल. गोठा मात्र उतारावर, म्हसरं सकाळी सुटली की सरळ नदीत. गुऱ्हाळ त्याच्याही खाली, ऊस नि पाणी जवळ पाहिजे म्हणून, आणि गुऱ्हाळ चालतंय ते दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, पावसाळ्यात तिथं माणूसच नसतंय मग पाणी येऊन गेलं काय नि न्हाई काय. इंजिनखोली तर नदीतच म्हणा, पाऊस धरायच्या आधी इंजिन कप्पी लावून वर काढून ठेवायची पद्धत होती. म्हंजे ज्या ज्या जागा पाण्यात जायच्याच म्हणून धरलेल्या होत्या त्याच्यातच ह्यांनी गाद्या टाकल्यात नि एसी बसवलेत.

आमच्याकडं पावसाळ्यात जत्राट-भिवशी, सिदनाळ-अकोळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज हे बंधारे पाण्याखाली जातात, त्याला आम्ही पूर म्हणतच न्हाई. पूर म्हंजे २०१९ चा ऑगस्ट. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळूर रोड बंद. परत २०२१ च्या जुलैत तसंच. वरनं पाटगाव धरणाचं नि भुदरगडातल्या पावसाचं पाणी येतंय ते एक, पण खरी गंमत खालनं हाय. कृष्णा फुगली की दूधगंगेला उतार मिळत न्हाई, दूधगंगा तुंबली की आमच्या वेदगंगेला मिळत न्हाई, मग पाणी वाहायचं सोडून जागच्या जागी चढत बसतंय. आणि उतरतंय बी तसंच, सावकाश. एक रात्र पाणी येऊन गेलं ते वेगळं नि आठवडा भिंत पाण्यात उभी राहिली ते वेगळं.

आता बघायला जाल तेव्हा एक करा, खोल्यांतले लाईटचे बोर्ड कुठल्या उंचीला हाईत बघा. सगळे प्लग छातीच्या वर असतील तर मालकांनी पाणी बघितलेलं हाय. दाराच्या चौकटी खालच्या अंगाला नव्या जोडल्यात का ते बी बघा. आणि गावातल्या देवळाच्या पुजाऱ्याला नाहीतर शेजारच्या मळीवाल्याला, म्हंजे काठच्या रानवाल्याला, विचारा, एजंटला सोडून एकटे जाऊन विचारा.

कागदातला_माणूस:

मी बाँड रायटरच्या (दस्त लिहिणाऱ्याच्या) ऑफिसात बरीच वर्षं काढलीत, वकील नाही, तेव्हा हे सगळं तुमच्या वकिलाकडून खात्री करून घ्या. पण वकिलाकडं जाताना काय मागायचं ते तरी माहीत असूदे.

आधी सोपं. पुण्यात राहता, शेतकरी नाही, तर शेतजमीन घेता येईल का ही भीती आता राहिली नाही. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ नि ७९ब ही कलमं २०२० च्या दुरुस्तीत निघाली. खर्चात धरा, ४५ लाखाच्या वरच्या किमतीला स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस-सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून १ ची २ टक्के झालीय. सव्वादोन कोटीला ही काही सुट्टी चिल्लर नव्हे.

आता अवघड. ‘साडेतीन एकर’ हा आकडा जाहिरातीतला, तो विसरा. उतारे काढा, सगळ्या सर्व्हे नंबरांचे वेगवेगळे. वाडा बहुतेक गावठाणात असणार, त्याला आरटीसी (शेतजमिनीचा उतारा) नसते, पंचायतीचा ई-स्वत्तूचा (मालमत्ता नोंदीचा) फॉर्म ९ नि ११ लागतो. बाकीची जमीन शेतीची. उताऱ्यात ९ नंबरच्या कॉलममध्ये मालक कोण, १० मध्ये तो कसा झाला, ११ मध्ये बोजा काय, १२ मध्ये कसतंय कोण. लोक ९ बघतात नि खूश होतात, इनामाच्या जागेत १२ आधी बघायचा असतो. आणि खराब्यात (लागवडीला न येणाऱ्या जमिनीत) ‘बी खराब’ किती ते बघा, म्हणजे ओढा, वाट, घाट वगैरे सार्वजनिक कामासाठी ठेवलेली. ती सरकारची, मालकाला विकताच येत नाही, पण नदीकाठच्या जाहिरातीत ती हमखास धरलेली असते.

इनामाचं असं की हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने कायदे मुंबईचे लागलेत. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, वैयक्तिक इनामं १९५२ च्या. पाटीलकी वगैरे गावकामगारांची वतनं म्हैसूर सरकारच्या १९६१ च्या कायद्यानं. इनाम गेलं म्हणजे जमीन गेली असं नाही, पण ती पुढं कुणाच्या नावे कशी झाली, रीग्रँट झाली का (सरकारनं परत बहाल केली का), कुठल्या अटीवर, ती ऑर्डर दिसली पाहिजे. फोटोकॉपी नको, तहसीलदार ऑफिसची सर्टिफाइड.

मग कुळं. १ मार्च १९७४ ला जी जमीन कुळाकडं होती ती सरकारजमा होऊन कुळाला मिळायची, त्यासाठी फॉर्म ७ भरायचा होता. इनामदाराची जमीन आणि कूळ नाही असं ह्या भागात क्वचित. लँड ट्रिब्युनलचा निकाल काय झाला, का अजून कुठं अपिलात पडलंय, ते बघून ‘निल टेनन्सी’चं, म्हणजे कूळ नसल्याचं, लिहून घ्या. हायकोर्टाच्या धारवाड बेंचमध्ये जुनी प्रकरणं निघतात, तालुका कोर्टापासून तिथपर्यंत नाव टाकून शोधा.

आणि सगळ्यात मोठं, वारस. मालक म्हणतील वाटणी झालीय. कुठं झालीय, तोंडी का रजिस्टर? बहिणींच्या, आत्यांच्या सह्या कुठायत? २००५ नंतर मुलीला मुलाइतकाच हक्क, सुप्रीम कोर्टानं २०२० साली तर ते आणखी पक्कं केलं. जुन्या घराण्यात एक आत्या मुंबईला असते, तिचं नाव वंशावळीतच घालत नाहीत, आणि विक्री झाली की दुसऱ्या महिन्यात तिच्या नातवाचा दावा येतो.

जुने कागद मोडीत असतील, घाबरू नका, वाचणारे बेळगावात नि कोल्हापुरात आहेत. ईसी (बोज्यांचा दाखला) मात्र निदान तीस वर्षांची काढा, तेरा वर्षांची काढून आणतील आणि झालं म्हणतील.

आता तुमच्या खोल्या. शेतजमिनीवर मालकाला स्वतःसाठी फार्म हाउस बांधता येतं, जमिनीच्या १० टक्क्यांपर्यंत, पण ते धंद्याला भाड्यानं देता येत नाही. धंदा करायचा तर लँड रेव्हेन्यू कायद्याच्या ९५ कलमाखाली एनए (बिगरशेती परवानगी) पाहिजे. तेव्हा गोठा कुठल्या सर्व्हे नंबरात येतो, तो एनए आहे का, पंचायतीचं लायसन आहे का. नसेल तर दीड कोटीचा जो तयार बिझनेस म्हणतायत तो कागदावर अजून गोठाच आहे.

सीमावासी_७७:

निपाणीत घेताय, उद्या सीमाभाग महाराष्ट्रात गेला तर सगळे कागद परत करावे लागतील बघा. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या रिपोर्टात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला दिलेलं होतं, १९६७ सालीच.

कागदातला_माणूस:

आणि महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. ओ, राज्य बदललं म्हणून कुणाची मालकी जात नाही. १९५६ ला बेळगाव मुंबईतनं म्हैसुरात आलं तेव्हा कुणाच्या घराचा दगड हलला नाही, फक्त उताऱ्याची भाषा बदलली. ह्या विषयावर वेगळा धागा काढा, इथं नको.

चिराबंदी:

मी खानापूरची. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि थोडी चिडूनच देते.

मातीची भिंत कमकुवत असते हा गैरसमज. दोन-अडीच फुटी भेंड्यांची भिंत, वर कौलं नीट, खाली दगडाचं जोतं, तर ती शंभर वर्षं सहज उभी राहते, वाडा स्वतःच त्याचा पुरावा आहे. तिला मारतात ते दोन जण, वरून गळणारं पाणी आणि सिमेंट. मातीची भिंत ओल घेते नि सोडते, हे चालूच असतं. तिला आतून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं, वर चकचकीत टाइल लावली की ओल आत कोंडते. वर वर रंग छान, आत भिंत गाऱ्यासारखी होत जाते, मग एक दिवस प्लास्टरचा पापुद्रा खांद्याएवढ्या उंचीपासून सगळा सुटून येतो. तुमच्या ‘चकाचक’ खोल्यांत अटॅच बाथरूम म्हटलात ना, मातीच्या भिंतीत पाइप फोडून नेलेले बाथरूम, हे वाचूनच मला धडकी भरली. गोठ्यात बाथरूम करायचं तर त्याच्या आत वेगळी विटांची खोली उभी करायची, जुन्या भिंतीपासून हातभर सोडून. तसं केलंय का बघा. बोटांनी टकटक करा, पोकळ आवाज आला तर झालंच. टाइलच्या वरच्या कडेला पांढरी बुरशीसारखी क्षारं फुटलीत का, फर्निचर भिंतीला चिकटून कुठं ठेवलंय का (ते सरकवायला सांगा, हसू नका, सरकवाच).

पुराच्या बाबतीत वरच्या दादांचं अगदी बरोबर. त्यात एवढंच घालते की मातीचं घर बऱ्याचदा पाणी असताना पडत नाही, पाणी उतरल्यावर वाळताना पडतं. २०१९ ला खोल्या झालेल्या असतील आणि तेव्हा सिमेंट प्लास्टर असेल तर त्या भिंतींच्या आत काय शिल्लक आहे ते देवाला माहीत.

वखार मात्र नीट बघा. तिथल्या भिंती उंच नि जाड, खिडक्या जवळजवळ नसतात, उजेड नको असायचा. हॉल करताना खिडक्या फोडल्या असणार, त्यांच्या डोक्यावर दगडी किंवा लाकडी पट्टी घातलीय का नुसतं भगदाड पाडून ॲल्युमिनियमची चौकट बसवलीय, ते बघा, भगदाडाच्या वरच्या कोपऱ्यातनं तिरकी चीर गेली असेल तर नुसतं भगदाडच पाडलंय समजा. आणि पावसाळ्यात जाऊन वास घ्या. तंबाखू भिंतीत, फरशीत मुरलेली असते, उन्हाळ्यात कळत नाही, हवेत ओल आली की येतो वास. काहींना आवडतो, माझ्या आजीला आवडायचा. लग्नाच्या हॉलला चालेल का ते तुम्ही ठरवा.

आता मुख्य वाडा. मागचा चौक पडलाय म्हणून तुम्ही घाबरलात, मला उलट बरं वाटलं. कौलं उतरवून रचून ठेवलीत म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसानं वजन कमी केलंय आणि माल जपलाय. सागवानी खांब, तुळया, कडीपाट शाबूत असेल तर अर्धं घर तुमच्या हातात आहे. खांबाच्या बुडाला, तळखड्याला टेकतो तिथं, टोकदार काहीतरी खुपसून बघा, वाळवी तिथनं चढते. पिंपळ नुसता तोडू नका, मुळं भिंतीत असतात, तो हळूहळू मारावा लागतो. दुरुस्ती टप्प्यानं करा, पहिल्या पावसाळ्याच्या आत फक्त कौलं आणि पागोळ्यांचं पाणी बाहेर जायची सोय, बाकी काही नाही. मंगळुरी कौलं जुनी विकत मिळतात, खानापुरात कौलांचे कारखाने होते, अजून मातीकाम जाणणारी माणसं आहेत. चुन्याचं काम करणारे गवंडी कमी झालेत पण आहेत, आणि ते सिमेंटवाल्यापेक्षा जास्त घेतात, घासाघीस करू नका त्यांच्याशी.

थोडक्यात मालकांनी ज्याला दीड कोटी लावलेत ते मी असते तर तोडायचा खर्च म्हणून वजा धरला असता, आणि जे फुकट म्हणतायत त्याचे पैसे दिले असते.

जांबोटी_रोड:

चौथा प्रश्न. आमच्या खोल्या जांबोटी बाजूला, चोर्ल्यातनं गोव्याला जाणारी गाडी थांबते, तरी सोमवार ते गुरुवार आम्ही आणि आमचा कुत्रा असतो. तुमची जागा हायवेपासून आत, त्यामुळं जाता जाता थांबणारं गिऱ्हाईक नाही, ठरवून येणारंच. कोल्हापूर-बेळगावचे शनिवार-रविवार येतील. नदी बघण्यासारखी कधी असते? जुलै-ऑगस्ट. आणि तेव्हाच बंधारे बुडालेले, रस्ते बंद, खालच्या खोल्या बंद. एप्रिल-मे मध्ये वेदगंगेला पाणी सोडलं तर आहे, नाहीतर बंधाऱ्यात साचलेलं, त्यावर डास. जेवण मात्र चालेल. निपाणी भागातलं मटण-पांढरा-तांबडा खायला लोक येतात, खोली न घेता येतात नि जेवून जातात, तेवढ्यावर स्वयंपाकाच्या बाईंचा पगार निघतो.

अजून दोन गोष्टी. होमस्टे म्हणून नोंदणी करायची तर मालक नाहीतर घरचं माणूस तिथं राहणं धरलेलंच असतं, पुण्यात बसून मॅनेजर ठेवून चालवलं तर ते लॉज झालं, त्याचं लायसन वेगळं. आणि हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर बघा. एसी चालतायत ते कुठल्या मीटरवर? शेतीच्या पंपाच्या कनेक्शनवरनं वायर ओढलेली असेल तर तुमच्या नावावर झाल्यावर दंड तुम्हालाच. आणि मालकांकडं मागचे बुकिंगचे हिशेब मागा. तोंडी सांगितलेलं नको, बँकेत जमा झालेले दिसले पाहिजेत.

बाबांना तिथं खरंच राहायचं असेल तर गोष्ट वेगळी आहे हं. राहणाऱ्या माणसाला परवडतं, चालवणाऱ्याला नाही.

टिळकवाडीकर:

बाप रे. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दरम्यान बरंच झालंय ते सांगतो.

उतारे काढले. साडेतीन एकराची फोड अशी निघाली, वाड्याचं गावठाण २० गुंठे, शेतजमीन २ एकर ३० गुंठे, आणि १० गुंठे बी खराब. ते १० गुंठे म्हणजे नेमकी नदीवर उतरायची वाट नि घाट, जाहिरातीतला ‘प्रायव्हेट घाट’. तिथं महादेवाचं छोटं देऊळ आहे, गावातले लोक सोमवारी जातात, त्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट म्हणाले माणसं दिसतील. एजंट मात्र एकदम गप्प झाला.

पागा, वखार गावठाणात येतात. गोठा, गुऱ्हाळ, इंजिनखोली शेतजमिनीत, एनए नाही. बोर्ड बघितले, गोठ्यात सगळे प्लग माझ्या खांद्याच्या वर. मालकांना विचारलं तर म्हणाले मुलांनी हात लावू नये म्हणून. फर्निचर सरकवायला सांगितलं तर म्हणाले जड आहे. मीच सरकवलं. चिराबंदी ताई, तुम्ही म्हणालात तस्सं, पांढरं फुटलेलं आणि बोट लावलं तर माती खाली. मीटर शेतीचंच आहे.

फॉर्म ७ चं अजून कळायचंय, अर्ज दिलाय. वारसांत दोन बहिणी आहेत आणि एक चुलत घर सांगलीला, त्यांच्या सह्यांचं ‘होऊन जाईल’ म्हणाले.

आता डोक्यात असं आलंय की गावठाणातले २० गुंठे, म्हणजे वाडा, पागा नि वखार एवढंच मागावं, आणि जमलं तर वरच्या अंगाची एकरभर जमीन. खालचं सगळं त्यांनाच ठेवूदे. असं तुकडा पाडून मिळतं का?

कागदातला_माणूस:

मिळतं. गावठाणाचा भाग वेगळाच आहे त्यामुळं तिथं अडचण कमी, फक्त पंचायतीकडनं फॉर्म ९-११ मध्ये पागा नि वखार दोन्ही दाखवल्यात का नुसता वाडा, ते बघा. जमिनीतला तुकडा घ्यायचा तर आधी सर्व्हे खात्याकडनं ११ई नकाशा (विकायच्या तुकड्याच्या मोजणीचा) पाहिजे, त्याशिवाय सबरजिस्ट्रार घेणार नाहीत. त्याला वेळ लागतो, पण मोजणीला स्वतः हजर राहा, नदीच्या बाजूचा बांध पुरात सरकलेला असतो. आणि बाकीची जमीन त्यांच्याकडंच राहिली तर तुमच्या वाड्यातनं त्यांना जायची वाट राहते का, हे खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या, नकाशासकट. ‘होऊन जाईल’ वाल्या सह्या खरेदीच्या दिवशी ऑफिसात समोर बसून पाहिजेत, मुखत्यारपत्रावर नकोत. तोपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका, द्यावंच लागलं तर चेकनं, आणि त्यात लिहा की कागद निर्वेध निघाले नाहीत तर परत.

वेदगंगा_काठ:

वरची एकर घ्या म्हंजे घ्याच, ती काळी हाय, ऊस लावू नका तेवढं, भुईमूग-सोयाबीन करा नाहीतर कुणाला वाट्यानं द्या. पण वाट्याला देताना दरवर्षी लिहून घ्या हं, वरच्या साहेबांनी १२ नंबरचा कॉलम सांगितलाय तो आठवतोय न्हवं.

चिराबंदी:

मुख्य वाडा बघायला मी येते, खानापुरातनं निपाणी काही लांब नाही. पाऊस लागायच्या आधी ठरवा. कुलूप उघडून ठेवायला सांगा, मागच्या वेळी असंच एका ठिकाणी गेलो तर किल्ली पुण्याला होती.

टिळकवाडीकर:

किल्ली ह्यांचीही पुण्यालाच आहे ताई, पण आमच्यापासून दोन सिग्नलवर. घेऊनच येतो. तारीख मेसेजमध्ये कळवतो.